तळ्याचा तिसरा हिस्सा

माझी वहिनी, पार्वतीबाई, हसताना तोंडाला पदर लावत नाही. आमच्या गल्लीत पूर्वी एवढ्यावरूनही बाईचं नाव खराब व्हायचं. वहिनीचं झालं नाही, कारण नावं ठेवायला जो पुढं येईल त्याला ती तिथंच असं उत्तर द्यायची की पुढं बरेच दिवस तो माणूस दुसऱ्या रस्त्यानं जायचा. मी आयुष्यभर बसमध्ये कंडक्टरकी केली. हुमनाबाद, चिटगुप्पा, कलबुर्गी अशा फेऱ्या मारल्या, मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत भांडलो. पण वहिनीपुढं मी कायम अर्धं तिकीट.

गावाचं नाव सांगत नाही. दुबलगुंडीच्या आसपासचं समजा. नाव लिहिलं की उद्या कोणीतरी दारात येऊन विचारणार, आमच्याबद्दल असं का लिहिलंस, आणि या वयात मला मारामारी झेपत नाही.

माझे थोरले भाऊ माणिकराव वारले, त्याच्या पुढच्या वर्षी वहिनीनं गल्लीतल्या बायकांचा गट जमवला आणि गावच्या तलावातल्या मासळीचा ठेका पंचायतीकडून मिळवला. मिळवला म्हणायला सोपं आहे. याच तलावाच्या पायऱ्यांवर माझ्या आईला, राजूबाईला, पाय ठेवायची मुभा नव्हती. छप्पन सालानंतर आमच्या घरानं धम्म घेतला, तरी पुढं कित्येक वर्षं माय खालच्या दगडापाशी घागर घेऊन बसायची आणि कुणाला दया आली तर ते वरून पाणी ओतायचे. त्यामुळं मासे आमच्या बायकांच्या नावावर झाले त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले, आणि वरच्या आळीत काही घरांची दारं लवकर लागली. तोंडावर कोणी काही बोललं नाही. आमच्याकडं तोंडावर बोलत नाहीत, वाट बघतात.

वहिनीनं त्यांना बरीच वर्षं वाट बघायला लावली. तलाव तिनं नीट चालवला. पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ या माशांचं बी सोडायचं, उन्हाळ्यात मासे काढायचे. मधल्या काळात एकच भांडण, ते गवताशी. पाण्याखाली केसांसारखं दाट गवत वाढायचं आणि वरून जलपर्णी पसरायची. ठेका घेतला तेव्हाच मत्स्य खात्यातल्या एका साहेबांनी बजावलं होतं की गवत सगळं एकदम काढायचं नाही. आधी तीनातला एक हिस्सा काढा, पाणी निवळू द्या, मग दुसरा हिस्सा काढा, आणि राहिलेला तिसरा तसाच ठेवा. जिवंत गवत दिवसा पाण्यात हवा सोडतं. तेच कापून पाण्यात कुजू दिलं, तर माशाच्या वाटची हवा खाऊन टाकतं.

वहिनीनं हे बायकांना आपल्या भाषेत सांगितलं, "गवत हाय तवर अर्धा वैरी. कुजलं की पुरा वैरी."

रोज तांबडं फुटायला ती तलावावर जायची. पायरीवर बसून कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि तळवा दिसतो का बघायचा. मग पाण्याकडं बघत राहायचं. मासा वर येऊन तोंड उघडायला लागला तर समजायचं की खाली हवा कमी पडली. मी चेष्टा करायचो, "वहिनी, दादांची एवढी काळजी कधी केली न्हाईस."

"त्यांना मी न सांगता श्वास घेता येत हुता, भाऊजी," असं म्हणून ती तोंड उघडं टाकून हसायची.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मायला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. एकदा दवाखान्यातून येताना वहिनीनं रिक्षा तलावावर थांबवली आणि तिला पायरीपर्यंत धरून नेलं. माय बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "पानी कुठाय गं? ह्ये तर रान हाय."

सगळं हिरवंगार होतं. पाणी होतं, पण गवताखाली. वहिनीला ते फार लागलं. माझ्या देखत तिनं डोळे पुसले, आणि वहिनीला डोळे पुसताना मी त्याआधी फक्त दादांच्या मातीला बघितलं होतं. जन्मभर जे पाणी लांबून बघितलं, ते आता आपलं झालं तर म्हातारीला दिसतसुद्धा नाही, हे तिच्या मनातून जाईना. चौदा एप्रिल तोंडावर आला होता. तिनं ठरवलं की जयंतीच्या दिवशी मायला तलावावर न्यायचं, आणि त्या दिवशी पाणी या काठापासून त्या काठापर्यंत उघडं दिसलं पाहिजे.

गटातल्या नागूबाईनं विचारलं, "आन् तिसरा हिस्सा? त्यो ठिवायचा असतो ना?"

"एका वर्षानं काय हुतंय?" वहिनी म्हणाली.

हे वाक्य मी स्वतः ऐकलं. तेव्हा मलाही ते बरोबर वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

गल्लीचं श्रमदान ठरलं. अख्खी गल्ली तलावात उतरली. ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधून पोरं आत गेली, बायका कमरेइतक्या पाण्यात विळे चालवत होत्या, काठावर हलगी वाजत होती. वहिनीचा मुलगा अमरदीप, चिटगुप्प्यात त्याचं मोबाईलचं दुकान आहे, तो दुकान बंद ठेवून आला होता आणि सगळ्यांच्या पुढं होता. एवढ्या वर्षांत मी आमच्या लोकांना त्या पाण्यात इतकं मोकळं बघितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

दुपारपर्यंत कापलेल्या गवताचे ढीग काठावर चढायला लागले, तेव्हा जगदेवप्पा आला. त्याचा ऊस तलावाच्या बांधाला लागून आहे. माणूस हिशेबी, पण वाईट नाही. "अक्का, मागच्या साली तुमच्या ढिगातलं घाण पानी माझ्या उसात आलं," तो म्हणाला. "साप निगाले. आवंदा माझ्या बांधावर नक्को."

अमरदीप चिडला. शब्दाला शब्द लागला. बांध कुणाचा, तलाव कुणाचा, इथपासून ते तुमच्या आजानं काय केलं होतं इथपर्यंत गोष्ट गेली. वहिनीनं मुलाला हाताला धरून मागं ओढलं. दिवस बुडायला आला होता, ढीग हलवायला ट्रॅक्टर नव्हता, आणि अंग मोडून आलं होतं सगळ्यांचं. उरलेलं गवत सांडव्याच्या कोपऱ्यात पाण्यातच ढकललं. जे आत तरंगत होतं ते आपोआप खाली बसलं. वरून बघितलं तर पाणी आरशासारखं दिसत होतं. लोकांनी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. पाऊस नाही, नुसतं आभाळ. वारा पडला. चुलीचा धूर वर जाईना, गल्लीतच बसून राहिला. अंगाची तलखी व्हायला लागली. तिसऱ्या दिवशीही तेच. वहिनी सकाळी तलावावर जाऊन परत आली. मी विचारलं तर म्हणाली, "पानी चहावानी झालंय. तळवा दिसंना."

"पाऊस पडंल, निवळंल," मी म्हणालो.

ती बाजेवर बसली आणि हाताचा वास घेत राहिली.

जयंतीच्या दोन दिवस आधी पहाटे तिनं माझं दार वाजवलं. "भाऊजी, मासे वर यायलेत. समदेच यायलेत."

मी गेलो. उजाडत होतं. सबंध तलावभर पाण्यावर तोंडं होती. हजारो गोल तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि त्याचा बारीक चपचप असा आवाज येत होता. दुसरा कसलाच आवाज नव्हता, पाखराचासुद्धा नाही. मोठमोठे कटले पायरीपर्यंत आले होते, हातानं धरता आले असते. माणूस जवळ गेला तरी पळत नव्हते. मला त्या जागेवरून पळून जावंसं वाटलं.

बायका घागरी घेऊन धावल्या. पाण्यात हवा मिसळायची तर पाणी उंचावरून पाडायचं, हे वहिनीला ठाऊक होतं. वरच्या पायरीवर उभं राहून त्या घागरी ओतायला लागल्या. भरायची, चढायचं, ओतायची. पोरं काठ्यांनी पाणी बडवत होती. मी जगदेवप्पाकडं गेलो. तो लगेच उठला, मोटारीचा पाईप स्वतः खांद्यावर घेऊन आला आणि त्याचं तोंड तलावाकडं वळवलं. पण शेतीचा करंट यायला अजून वेळ होता. तो आणि मी स्टार्टरच्या पेटीपाशी उभे राहिलो. लाल दिवा लागला नाही. पाण्यावरची तोंडं हळूहळू कमी होत गेली.

करंट आला तेव्हा ऊन वर आलं होतं आणि तलाव पांढऱ्या पोटांनी भरला होता.

वहिनी पायरीवर बसली होती. लुगडं छातीपर्यंत भिजलेलं. मी जवळ बसलो तर म्हणाली, "म्या मारलं, भाऊजी."

ती एवढंच म्हणाली असती आणि आम्ही घरी गेलो असतो, तर बरं झालं असतं. पण तोवर अमरदीपला बांधावर औषधाची रिकामी बाटली सापडली होती. उसाच्या बांधावर कीटकनाशकाची रिकामी बाटली नाही असा बांध अख्ख्या जिल्ह्यात दाखवा, मी कंडक्टरकीचा बिल्ला परत करतो. पण पोरांना ती बाटली पुरेशी होती. जयंती दोन दिवसांवर. त्या दिवशीचं भांडण सगळ्यांच्या कानात ताजं. आणि आपल्या लोकांच्या पाण्यात इख कालवणारी माणसं जगात नसतात असं त्या पोरांना कोणत्या तोंडानं सांगायचं? असतात. म्हणून तर ती गोष्ट एका क्षणात खरी वाटली. मलाही वाटली, आणि मी तर जगदेवप्पाबरोबर पाईप ओढला होता.

पोरं विहारापुढं जमली. ऊसतोडीचे कोयते घरोघर असतातच. तिकडं वरच्या आळीत जगदेवप्पाच्या दारात त्याचे भाऊबंद जमले. त्यांच्याही हातात काही ना काही होतं. मधे फक्त तो रस्ता, मारुतीच्या पारापासून पिठाच्या गिरणीपर्यंतचा. गिरणी बंद झाली. दुकानाच्या फळ्या लागल्या. एक बाई आपलं लेकरू काखेत मारून आत गेली आणि आतून कडी घातल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पोरं निघाली. सगळ्यात पुढं अमरदीप, हातात ती बाटली.

वहिनी तलावाकडून आली. तशीच ओली. एका कवेत कुजलेल्या गवताचा काळा पेंढा, दुसऱ्या हातात बादली. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं पेंढा अमरदीपच्या पायापाशी टाकला. घाण सुटली. पोरं मागं सरली.

"वास घे," ती म्हणाली.

"आई, बाजूला हो."

"वास घे मनलं ना! इख न्हाई ह्ये. ह्ये आपुन कापलेलं गवत हाय. म्या कापाय लावलं. समदं एकदम काढू नका मनून साहेबानं सांगितलं हुतं, ते म्या मोडलं." तिनं बादली पुढं केली. आत एक मरळ वळवळत होती, काळी, जिवंत. "मरळ वर येऊन हवा गिळती, मनून जगली. बेडकं जगलीत. इख असतं तर हे जगलं असतं का?"

अमरदीपचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, गप बस. समदे ऐकायलेत."

"ऐकू दे. मासे म्या मारले. जगदेवप्पानं न्हाई." तिनं वरच्या आळीकडं तोंड केलं आणि परत ओरडून सांगितलं. "मासे म्या मारले!"

कोयते खाली झाले. लोक पांगले. त्या सकाळी तिथं एक डोकं फुटलं असतं, तर पुढं किती फुटली असती याचा मला आजही विचार करवत नाही. पण कुणी तिचे आभार मानले असतील असं समजू नका. आमच्या गल्लीत म्हणायला लागले, बाई भ्याली. काही म्हणाले, विकली गेली. अमरदीप घरी आला आणि एकच वाक्य बोलला, "तू आमाला नाक न्हाई ठिवलंस." त्यानंतर त्या घरात मायलेकांत चहा घेतलास का, पाणी गरम केलंय, याच्यापलीकडं बोलणं राहिलं नाही. जयंतीला मिरवणूक निघाली, पण तलावाच्या रस्त्यानं गेली नाही. मायनं पाणी बघायचं नाव काढलं नाही. तिला कोणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

पावसाच्या तोंडाला ग्रामसभा झाली. जगदेवप्पा उठला. आवाज चढवला नाही, हात जोडूनच बोलला, "पार्वतीअक्कानं माझा जीव वाचवला. म्या इसरनार न्हाई. पर तलाव गावाचा हाय. मासे कुनी मारले, ते अक्कानंच सांगितलंय. म्या खोटं बोलायलोय का, अक्का?"

वहिनी बायकांत मागं बसली होती. "न्हाई," ती म्हणाली. "खरं हाय."

ठेका जगदेवप्पाच्या पुतण्याच्या गटाला गेला. सगळं कायद्यानं, रीतसर झालं. तुम्हाला राग येत असेल तर सांगतो, मला आजही येतो. जीव वाचवणाऱ्या बाईच्याच तोंडचं वाक्य घेऊन तिच्या हातातलं पाणी काढून घेतलं, आणि वर हात जोडले.

नव्या लोकांनी बी सोडलं. मासे चांगले वाढले. गवतही वाढलं, ते कुणाचा गट आहे ते बघत नाही. यंदा फाल्गुन सरेपर्यंत तलाव परत रान झाला. वहिनीनं तांबडं फुटायला तिथं जाणं सोडलं नव्हतं. काही करायची नाही, लांब बांधावर उभी राहून बघायची आणि परत यायची. मी म्हणायचो, "आता कामून जायलीस? तुझं काय हाय तिथं?" ती म्हणायची, "मासे हायत."

गेल्या आठवड्यात टेम्पोतून पांढरे कॅन उतरले. तणनाशक. एका दिवसात सगळा तलाव फवारून काढायचा बेत. वहिनीला कळलं तशी ती जगदेवप्पाच्या दारात गेली. मी बरोबर होतो. तिनं सांगितलं, "अण्णा, एकदम मारू नका. तीनातला एक हिस्सा मारा, थांबा. आभाळ आलं तर मारूच नका. गवत समदं खाली बसंल, आन् हवा जाईल."

जगदेवप्पानं ऐकून घेतलं. चहा सांगितला. मग पुतण्या आतून बाहेर आला आणि हसून म्हणाला, "अक्का, तुमचं ऐकून तलाव चालवायचा का? तुमीच मनलाव ना, मासे म्या मारले मनून?" जगदेवप्पानं त्याला दटावलं, पण हळूच. चहा आला. वहिनीनं घेतला नाही.

फवारणी काल झाली. दिवसभर पंपांचा आवाज गल्लीत येत होता. संध्याकाळी वारा पडला आणि रात्रीतून आभाळ भरून आलं.

काल रात्री मी वहिनीकडंच निजलो होतो. आज पहाटे मला जाग आली तेव्हा वहिनी दारात उभी होती, घागर घेऊन. आणि अमरदीप उंबऱ्यात आडवा उभा होता. दोन वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा सलग बोलत होता.

"आई, आज जाऊ नको. पाया पडतो. मासे मेले, तर ह्या बारीला काय मनतील माहीत हाय का? रोज पहाटं ती बाई बांधावर येत हुती मनतील. ठेका गेल्याचा राग मनतील. इख तूच घातलंस मनतील. आन् तुझं खरं कुनीबी धरनार न्हाई."

वहिनीनं घागर कमरेवर घेतली. किती बरोबर बोलतोय हे तिला कळत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. बाहेर एक पान हलत नव्हतं.

"औषध अजून गवतात मुरायलंय," ती म्हणाली. "आजपासून बघावं लागतंय. आज मासे वर आले, तर घागरी ओताय कुनीतरी पायजे. त्यांच्यातलं कुनी उठलं नसंल."

तिनं मुलाचा हात उंबऱ्यावरून बाजूला केला आणि गेली.

अमरदीप तिथंच उभा राहिला. मी भिंतीला हात लावून उठलो आणि चपला शोधायला लागलो. माझ्यानं घागर उचलत नाही. पण उद्या कुणी विचारलं की ती पाण्यात काय ओतत होती, तर पाणीच ओतत होती असं सांगणारा एक माणूस तरी तिथं उभा पाहिजे.